ओट्यावरचा उजेड

अंपोफोने गोल करवतीचं टोक छताच्या प्लायला टेकवलं आणि ड्रिलचा खटका दाबण्याआधी एकदा खाली पाहिलं. फ्रेमा मामी शिडीचे दोन्ही पाय धरून उभी होती. शिडी भक्कम आहे, धरायची गरज नाही, असं तो सकाळपासून सांगत होता. मामी हो म्हणायची, आणि तो वर चढला की पुन्हा येऊन धरायची.

"डोळे मिट, मामी. भुसा पडेल."

"मी मिटते. तू उघडे ठेव म्हणजे झालं."

करवत फिरली. आधी रंगाचे पापुद्रे उडाले, मग पिवळा भुसा, आणि शेवटी लाकडाची एक गोल चकती सुटून खाली आली. तिच्या मागोमाग वरच्या पोकळीतली कित्येक वर्षांची धूळ आली, कुंभारणीचं वाळलेलं मातीचं घर आलं, पालीच्या अंड्यांची टरफलं आली. मामीने काळ्या कपड्यावरची धूळ झटकली नाही. तिने चकती उचलली, फुंकर मारली आणि ओट्यावरच्या चटणीच्या बरणीवर ठेवून पाहिली.

"बसतंय झाकण," ती म्हणाली. "तुझं काहीच वाया जात नाही बघ."

अंपोफोने छताकडे तोंड केलं.

शेजारच्या तिवाने तोवर कुंपणावरून दोनदा डोकं काढून पाहिलं होतं. मामीने तिला सकाळीच सगळं सांगितलं होतं: नवऱ्याचा भाचा शिडी घेऊन दारात उभा राहिला, छतात बसणारे नवे गोल दिवे लावतो म्हणाला, न मागता. तिवा म्हणाली होती की भाचे तिलाही आहेत. मामाच्या मयताला आले आणि पंगत उठेपर्यंत थांबले, त्यानंतर त्यांचा पत्ता नाही. हे ती अंपोफोला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली होती, कौतुक म्हणून. तेव्हापासून त्याला खिडकीजवळच्या कोपऱ्यात काम काढायचं टाळावंसं वाटत होतं.

कारण दिवे मामीसाठी नव्हते.

अजेई मामा गेला तेव्हा घराण्याने त्याच्या जागी सार्पोंगला, म्हणजे अंपोफोच्या थोरल्या भावाला, बसवलं. मामाचं ते भाच्याचं, यात एजिसू गावात कुणाला नवल नव्हतं. विधवेच्या बाजूने बोलणारा कायदा सरकारने कधीच केला होता, पण तो माणसाने स्वतः बांधलेल्या घरापुरता. हे घर आजीच्या जमिनीवर, साऱ्या घराण्याच्या कोकोच्या पैशातून उभं राहिलेलं, म्हणून इथे कायदा लागत नाही, असं सार्पोंग म्हणायचा. वर्षाचा विधी तोंडावर आला होता. तो उरकला, मामीने काळं उतरवून पांढरं नेसलं, की तिला घर रिकामं करायला सांगायचं आणि ते सोन्याच्या खाणीवरच्या एका साहेबाला भाड्याने द्यायचं, असं बैठकीत ठरलं होतं. साहेबाच्या बायकोने घर पाहिलं होतं, बाहेरून. स्वयंपाकघर तेवढं उजेडाचं करून द्या, एवढीच तिची अट होती.

त्या बैठकीत अंपोफो होता. कुणाची हरकत आहे का, असं विचारलं गेलं तेव्हा तो आपल्या चपलेच्या अंगठ्याकडे पाहत बसला. अंगठा उसवायला आला होता. ते उसवलेलं टाक्याचं टोक त्याला अजून लख्ख आठवत होतं. बाकीची बैठक धूसर झाली होती.

आणि आज सकाळी मामीने दार उघडून "हे काय रे?" असं विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, "दिवे लावायला आलोय, मामी." तेवढंच. पुढचं मामीने आपल्या मनाने पुरं केलं, आणि त्याने ते करू दिलं.

सार्पोंगने दिव्यांच्या जागा आखून दिल्या होत्या: खोलीच्या मधोमध दोन सरळ ओळी, भिंतींपासून सारख्या अंतरावर, हॉटेलात असतात तशा. पहिलं भोक त्या आखणीप्रमाणेच पडलं. दुसऱ्याची खूण करायला अंपोफो ओळंबा सोडत होता, तेव्हा मामीने ओट्यापाशी उभं राहून विचारलं, "हा दिवा माझ्या पाठीमागे येणार का?"

"हो."

"मग माझी सावली कुठे पडेल?"

तो वरून पाहत राहिला. ती नेहमीच्या जागी उभी होती, तोंड भिंतीकडे, हात पातेल्याच्या जागेवर. दिवा मागून आला तर तिच्या डोक्याची आणि खांद्यांची सावली नेमकी पातेल्यात पडणार होती. हे त्याला सांगावं लागायला नको होतं. दुसऱ्यांच्या घरी तो हे आधी विचारतो, बाई कुठे उभी राहते, चिरते कुठे, धुते कुठे, आणि मग भोकं पाडतो. इथे त्याने विचारलं नव्हतं. इथे कोण उभं राहणार आहे हे त्याला माहीत होतं, आणि ती ही नव्हती.

मामी त्या ओट्यावर शितो करायची. वाळवलेली मासळी, कोळंबीची पूड, आलं, मिरच्या, सगळं तेलात तासन्‌तास परतायचं. आधी लाल, मग तपकिरी, मग काळं. त्या शेवटच्या तपकिरीत आणि काळ्यात सगळी मेख असते. एक क्षण आधी उतरवलं तर चटणी टिकत नाही, एक क्षण उशीर झाला तर कडू होते. भोवतालच्या शाळांच्या वसतिगृहांतली मुलं सुट्टी संपवून परत जाताना मामीच्या बरण्या घेऊन जात. अंपोफोही एका वर्षी तशीच बरणी शाळेत घेऊन गेला होता, तिच्याकडे राहून शिकत होता तेव्हा. वर्गातल्या पोरांनी ती पहिल्याच आठवड्यात फस्त केली होती.

"जुन्या ट्यूबमध्ये मला तपकिरी आणि जळकं सारखंच दिसतं," ती म्हणाली. "वासावर चाललंय. मागच्या खेपेला अख्खं पातेलं उकिरड्यावर गेलं. कुणाला बोलले नाही."

अंपोफोने ओळंबा गुंडाळला. शिडी उचलून ओट्याच्या बाजूला आणली आणि बोटांच्या पेरांनी छत ठोकत गेला. आवाज भरीव आला तिथे आतली लाकडी पट्टी होती. पोकळ आवाजाच्या जागी, ओट्याच्या कडेच्या किंचित पुढे, त्याने पेन्सिलीने फुली मारली. तिथून पडलेला उजेड मामीच्या कपाळासमोरून उतरून पातेल्यात गेला असता.

दोन भोकं झाल्यावर कुमासीहून फोन आला. सार्पोंग. अंपोफोने शिडीवरूनच उचलला, आणि उचलल्यावर त्याला वाटलं, खाली उतरून अंगणात जायला हवं होतं.

सार्पोंगने काम कुठवर आलं ते विचारलं. दिव्यांवरची उजेडाचा रंग बदलायची बारीक पट्टी पिवळ्याकडे सरकवायला विसरू नकोस, पांढरा उजेड दवाखान्यासारखा दिसतो, असं बजावलं. मग आवाज उतरवून विचारलं, तिला काही बोलला तर नाहीस? विधी होईपर्यंत अवाक्षर नको. विधीच्या आधी बाई रडायला लागली की दहा जण मध्ये पडतात.

"नाही," अंपोफो म्हणाला. "हो. बरं."

फोन खिशात गेल्यावर मामीने विचारलं, "काय म्हणतोय तुझा भाऊ?"

"दिवे सरळ ओळीत लाव म्हणतोय."

"त्याला कुठे स्वयंपाक करायचाय," मामी म्हणाली आणि शिडी पुन्हा धरली.

दुपारी तिने त्याला जेवायला बसवलं. उकडलेली कच्ची केळी आणि कोंतोमिरेच्या पानांची भाजी, त्याला आवडते तशी, वरून लाल पामतेल. तो नको म्हणाला, पोट भरलंय म्हणाला. मामीने ताट समोर ठेवलं आणि बाजूला बसली.

"तुझा मामा शेवटी शेवटी अंधाराला घाबरायचा," ती म्हणाली. "ट्यूब लपलप करायला लागली की हाक मारायचा. म्हणायचा, अंपोफोला बोलाव, तो दुरुस्त करेल. मी म्हणायचे, त्याला कामं असतात."

त्याला तेव्हा फारशी कामं नव्हती. कुणी बोलावलंच नव्हतं, असं तो म्हणू शकला असता. पण मामाला भेटायला बोलावणं लागत नाही. त्याने घास घेतला.

"मामी," तो म्हणाला.

"हं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांभोवती धुळीचं पांढरं कडं बसलं होतं. भुसा पडताना तिने डोळे मिटले होते त्याची खूण. विधीनंतर कुठे राहशील, एवढंच विचारायचं होतं. तसं विचारलं तर पुढचं आपोआप आलं असतं. तिला हातात थोडे दिवस तरी मिळाले असते. ताकोराडीला लेकीकडे दोन खोल्या होत्या, त्यांत पाच माणसं आणि समुद्राची दमट हवा, आणि तिथे पातेलं ठेवायला ओटा नव्हता. पण निदान तिला कुणाशी बोलता आलं असतं.

"मीठ आहे का?" तो म्हणाला.

मिठाची वाटी त्याच्या हाताजवळच होती. मामीने ती उचलून आणखी जवळ सरकवली.

जेवण झाल्यावर ती थोडा वेळ बाहेर गेली. तिवाशी कुंपणापाशी बोलताना तिचा आवाज येत होता, शब्द नाही. अंपोफोने तेवढ्यात उरलेली भोकं पाडली, वायर एका भोकातून दुसऱ्या भोकात ओढून घेतली, जोड आवळले. मग एकेक दिवा हातात घेऊन दोन्ही बाजूंचे स्प्रिंगचे कान वर मुडपायचे, दिवा भोकात ढकलायचा, की कान आत उघडून प्लायला घट्ट धरतात. हा क्षण त्याला एरवी आवडायचा. भोक नाहीसं होतं आणि तिथे जणू नेहमीच दिवा होता असं दिसतं.

रंगाची पट्टी सरकवताना तो थांबला. पिवळा, मधला, पांढरा. त्याने सगळे दिवे पांढऱ्यावर ठेवले. भावाने विचारलं तर विसरलो म्हणू, हेही त्याने तेव्हाच ठरवून टाकलं, आणि ते इतक्या सहज ठरलं याचीच त्याला लाज वाटली. पट्टी सरकवता येते, मामी घर सोडून गेल्यावर पुन्हा पिवळी करता येते. यात काय दिलं आपण?

मेन चालू करून त्याने भिंतीवरचा खटका दाबला.

बाहेर आभाळ भरून आलं होतं, त्यामुळे उजेड एकदम खोलीभर उतरला. ओटा, पातेल्याच्या काळ्या कडा, बरणीवरची लाकडी चकती, सगळं धारदार दिसू लागलं. भिंतीवर चुलीमागे वर्षानुवर्षांच्या तेलाचा तपकिरी डाग होता, त्याचे थरसुद्धा मोजता आले असते. मामी दारात येऊन उभी होती. तिने ओट्यापाशी जाऊन हात पुढे केले, पालथे, मग उताणे.

"सावली नाही," ती म्हणाली.

मग ती म्हणाली की माणसं बघायला येतायत, त्याने थोडं बसावं.

अंपोफोला वाटलं शेजारणी दिवे पाहायला येतील, वाहवा करतील आणि जातील. पण तिवा आली ती ठेवणीतला कपडा गुंडाळून. तिच्या मागून चर्चमधली एक वयस्क बाई आली. आणि त्यांच्या मागून, काठी टेकत, नाना बाफो. गल्लीतल्या प्रत्येक लग्नात आणि मयतीत एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत रीतीने पोचवायचं काम म्हातारपणी नानांकडे आलं होतं. ते नुसते दिवे बघायला कुणाच्या पायऱ्या चढत नसत, की कुणाच्या स्वयंपाकघरातही जात नसत. तिवाने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. स्वयंपाकघरात सगळे भिंतीला लागून बसले, मामी मधे बुटक्या स्टुलावर, आणि तिने कपड्याआडून श्नॅप्स दारूची चौकोनी हिरवी बाटली काढून नानांच्या पायाशी ठेवली.

अंपोफोच्या हातात अजून स्क्रूड्रायव्हर होता.

नानांनी घसा साफ केला. मामी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती, तरी ते असे बोलले जणू ती दूरच्या गावी आहे आणि ते तिचा निरोप घेऊन आलेत.

"फ्रेमा म्हणते, नवरा गेला की त्याचं घराणं बाईला विसरतं, असं लोक म्हणतात. तिला तसं दिसलं नाही. वर्ष सरायच्या आत घराण्याने माणूस पाठवला आणि तिच्या चुलीवर उजेड दिला. तिने या ओट्यापाशी उभं राहावं आणि हात हलवत राहावा म्हणून दिला. ती तो घेते. त्याबद्दल ही आभाराची बाटली ठेवते. आम्ही पाहायला बसलो आहोत." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "घराण्यातर्फे बाटली घेणारं इथे कुणी आहे का?"

तिवाने ओट्यावरचा ग्लास पुसून हातात घेतला.

तोंडी दिलेलं वाऱ्यावर जातं. पण घेणाऱ्याने चार माणसांसमोर बाटली ठेवली आणि देणाऱ्याने ती उचलली, की देणं पुरं होतं, आणि मग ते कुणाच्या बापाला परत मागता येत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जमिनी अशा गेल्या होत्या, शेतं अशी गेली होती, आणि भांडणं राजवाड्याच्या पायऱ्यांपर्यंत गेली तरी पहिला प्रश्न हाच विचारला जायचा, बाटली कुणी घेतली? नानांच्या शब्दांत दिव्यांबरोबर ओटाही आला होता, आणि ओटा घरापासून सुटा काढता येत नाही.

अंपोफोने एवढंच म्हणायचं होतं की नाना, मी नुसता कामावर आलोय. हे दिवे हिच्यासाठी नाहीत. दुसरं वाक्य बोलल्याशिवाय पहिल्याला अर्थ नव्हता. तिवा त्याच्याकडे हसऱ्या चेहऱ्याने पाहत होती. डोक्यावर पांढरा उजेड होता आणि खोलीत कुठेही सावली नव्हती. मामी त्याच्याकडे पाहत नव्हती. ती गुडघ्यावरचा भुसा एकेक कण करून वेचत होती.

"आहे," तो म्हणाला.

"ऐकू आलं नाही," नाना म्हणाले. "म्हाताऱ्याशी बोलतोयस."

"आहे, नाना. मी आहे."

तिवाने ग्लास भरून त्याच्या हातात दिला. तो उंबऱ्यापाशी गेला, मामाचं नाव घेऊन थोडी जमिनीवर ओतली आणि उरलेली प्याला. घशात आग उतरली. चर्चमधली बाई म्हणाली, देव तुझं भलं करो, असा भाचा सगळ्यांना मिळो. हिंमत म्हणतात ती हीच का, असं त्याला क्षणभर वाटून गेलं. पण त्याला खरं माहीत होतं. चार माणसांसमोर उलटं बोलता आलं नाही, एवढंच. बैठकीतही एवढंच झालं होतं.

ग्लास सगळ्यांकडे फिरला. नाना उठले, तिवा त्यांना पोचवायला गेली. मामीने बाटली उजेडात धरून पाहिली, निम्मी उरली होती. तिने बूच दाबून बसवलं आणि बाटली धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळली.

"सार्पोंग नव्हता ना इथे," ती म्हणाली. "त्याचा वाटा आहे यात. तू कुमासीलाच चाललायस."

"मी फोन करून सांगतो त्याला, मामी."

"फोनवरून पिता येत नाही." तिने बाटली त्याच्या हातात दिली. "आडवी करू नकोस, बूच जुनं आहे. शिडी राहू दे इथे. मी बघते तिच्याकडे."

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट. एवढ्या उजेडातही त्याला काही कळलं नाही. ती ओट्याकडे वळली होती आणि पातेलं पुसायला लागली होती.

कुमासीच्या ट्रोट्रोत, म्हणजे भाड्याच्या व्हॅनमध्ये, त्याला खिडकीजवळची जागा मिळाली. हत्यारांची पिशवी त्याने पायाशी ठेवली. बाटली मात्र आडवी चालणार नव्हती, म्हणून मांडीवर उभी धरून बसला. खड्ड्यात गाडी उसळली की दोन्ही हातांनी धरायचा. फडकं सुटून हिरवी काच दिसायला लागली होती.

शेजारी वांग्यांची टोपली घेऊन बसलेली बाई बराच वेळ बाटलीकडे पाहत होती. दिवसाढवळ्या, निम्मी, पांढऱ्या फडक्यात. पाहणाऱ्याला आणखी काही सांगावं लागत नाही.

"आभाराची दिसते," ती म्हणाली.

"हो."

"तुमच्या घराण्याने दिलं वाटतं काही?"

त्याने मान हलवली.

"काय दिलंत?"

दिवे, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं.

"घर," तो म्हणाला. "मामीला. तिचंच होतं."

बाईने टोपली पोटाशी ओढून घेतली आणि त्याच्याकडे नव्याने पाहिलं. मामाची बायको म्हणजे रक्ताची ना नात्याची, तिला घर देऊन टाकायला मोठं मन लागतं, ती म्हणाली, आजकाल अशी माणसं कुठे बघायला मिळतात. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यालाही तिने वळून ते सांगितलं, आणि म्हातारा पुढे वाकून अंपोफोचा खांदा थोपटायला लागला.

अंपोफोने तोंड खिडकीकडे फिरवलं. कान तापले होते. कुमासी यायला अजून बराच रस्ता होता, आणि म्हाताऱ्याचा हात खांद्यावरून निघत नव्हता.